किमान शिल्लक नाही म्हणून कापलेले पैसे परत कसे मागायचे

बचत खात्यातून दंड कापला गेला की आधी महिन्याचं स्टेटमेंट काढा. रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे: शिल्लक कमी पडल्यावर बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि निदान महिनाभराची मुदत द्यायची. म्हणून तो एसएमएस आला होता का, हे पाहाच. बँका इथेच चुकतात.

दंडही तुटीच्या प्रमाणातच हवा. 5,000 च्या जागी सरासरी 4,000 राहिली, तर टक्केवारी 1,000 वर लागते. 6 टक्के दर असेल तर 60 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 70.80. या दंडामुळे खातं उणे झालं असेल तर तो सरळसरळ नियमभंग आहे.

तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. काउंटरवरच्या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते, चौकशीसाठी 14448.

शिल्लक राखणं जमतच नसेल, तर मूलभूत बचत ठेव खातं मागा. त्याला किमान शिल्लक लागत नाही.