काउंटिंग एजंट म्हणून टेबलावर बसण्याआधी

सरकार बनवायला लोकसभेत २७२ खासदार लागतात आणि त्यातला एकेक खासदार आधी मतमोजणीच्या टेबलावर ठरतो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. २०२४ ला वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतांनी निकाल फिरला. तेव्हा टेबलावर नुसतं बसून राहणारा काउंटिंग एजंट, म्हणजे मोजणीवर लक्ष ठेवणारा उमेदवाराचा माणूस, कामाचा नाही.

नेमणूक नमुना १८ वर होते. नावं आणि फोटो मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत आरओकडे (निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे) द्यावे लागतात. मोबाईल आत नेता येत नाही. पेन, कोरे कागद आणि १७-सीच्या (केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याच्या) प्रती एवढंच सोबत ठेवा.

खरी तयारी १७-सीची. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष ही प्रत पोलिंग एजंटला देतो. ती त्याच रात्री गोळा करा, दुसऱ्या दिवसावर टाकलीत की निम्म्या हाती लागत नाहीत. मग टेबलांप्रमाणे लावा. एका विधानसभेला साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे ३ नंबरच्या टेबलावर केंद्र ३, १७, ३१ अशी यंत्रं येतात. मध्ये सहायक (जादा) केंद्र असलं तर हा क्रम सरकतो, म्हणून आरओकडचा तक्ता आदल्या दिवशीच पाहून घ्या.

टेबलावर ईव्हीएमचा फक्त मतं साठवणारा भाग, म्हणजे कंट्रोल युनिट येतं. आधी सील पाहा, मग युनिटचा नंबर १७-सीवरच्या नंबराशी जुळवा. त्यानंतर एकूण मतं आणि शेवटी निकाल. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकूण मतं नोंदवहीतल्या मतदारसंख्येशी ताडून पाहणं. सही करून मत न देता परतलेलेही त्या वहीत असतात, त्यामुळे फरक पडू शकतो. ताडायचा तो १७-सीमधला ‘यंत्रात नोंदलेली एकूण मतं’ हा आकडा. मग नोटासकट सगळ्या उमेदवारांची बेरीज स्वतः करा आणि जुळल्यावरच १७-सीच्या भाग दोनवर सही करा.

आकडा जुळला नाही तर तिथल्या तिथे पर्यवेक्षकाला सांगा. सकाळच्या मॉक पोलची (चाचणी मतदानाची) मतं पुसायची राहिली, हे त्याचं नेहमीचं कारण. असं यंत्र बाजूला ठेवलं जातं. शेवटी विजयाचं अंतर त्या केंद्रांच्या मतांपेक्षा कमी निघालं, तर तिथल्या व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी काढणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजतात. याशिवाय प्रत्येक विधानसभेतली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि त्यांचे व्हीव्हीपॅट मोजतात.

टपाली मतांच्या टेबलावर नवखा माणूस बसवू नका. मोजणी सकाळी ८ ला तिथूनच सुरू होते. मोठं पाकीट १३-सी उघडलं की आत घोषणापत्र १३-ए आणि छोटं बंद पाकीट १३-बी असायला हवं. घोषणापत्र नाही, त्यावर सही किंवा साक्षांकन नाही, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक १३-बीवरच्या क्रमांकाशी जुळत नाही, तर १३-बी न उघडताच मत बाद होतं. प्रत्येक बाद मताचं कारण तुमच्या कागदावर लिहिलेलं हवं. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासणं आरओवर बंधनकारक आहे. त्या वेळी तुमची ही नोंदच उपयोगी पडते.

फेरमोजणीची वेळ मात्र अगदी थोडी असते. आरओ नमुना २० मधल्या (अंतिम निकालपत्रकातल्या) बेरजा जाहीर करतो, तेव्हापासून त्यावर त्याची सही होईपर्यंतच अर्ज घेतला जातो. अर्ज लेखी हवा आणि त्यात कारणं हवीत: कुठलं टेबल, कितवी फेरी, कुठला आकडा. ‘आम्हाला शंका आहे’ एवढ्यावर तो फेटाळला जाईल. अर्जाचा मसुदा उमेदवाराच्या निवडणूक प्रतिनिधीने शेवटच्या दोन फेऱ्या चालू असतानाच तयार ठेवावा. नमुना २० वर सही झाली की उरते ती मुंबई उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, आणि ती निकालापासून ४५ दिवसांत दाखल करावी लागते.