बीटलचं इंजिन विमानाला बसवताना

फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनाची २१८० सीसी आवृत्ती ३४०० आरपीएमला ८० अश्वशक्ती देते. ही शक्ती टेकऑफ आणि सुरुवातीच्या चढाईपुरतीच धरायची. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ सपाट उड्डाणात, या इंजिनाकडून साठेकच मागायची, कारण त्याहून जास्त शक्ती सतत काढली तर निर्माण होणारी उष्णता सिलिंडर हेडच्या फिन्सना, म्हणजे हवेने गार होणाऱ्या पातळ पात्यांना, बाहेर टाकता येत नाही. सोनेक्स किंवा केआर-२ सारख्या घरी बांधायच्या हलक्या विमानांना एवढं पुरतं. ज्या विमानाला कायम ८० अश्वशक्ती लागते, त्याला हे इंजिन लावायच्या भानगडीत पडू नये.

गाडीचं इंजिन विमानात घालण्याची कल्पना नवी नाही. मिनेसोटात बर्नार्ड पीटनपोलने १९२९ मध्येच फोर्ड मॉडेल ए चं इंजिन लावून विमान उडवलं होतं. बीटलच्या इंजिनाला मात्र ना रेडिएटर लागतो ना गिअरबॉक्स. पंखा, म्हणजे प्रोपेलर, थेट क्रँकशाफ्टवर बसतो. सगळ्या अॅक्सेसरीज धरून वजन पंचाहत्तर किलोच्या आत राहतं.

इंजिन बांधणं

मूळ १५८४ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ६९ मिमी. २१८० साठी ९२ मिमीचे बॅरल-पिस्टन आणि ८२ मिमी स्ट्रोकचा, काउंटरवेट असलेला फोर्ज्ड क्रँक घ्यायचा. भंगारातली जुनी केस (क्रँक धरणारा इंजिनाचा सांगाडा) उघडून तीच वापरण्यात पैसे वाचतात असं वाटतं, पण लाइन-बोअर (बेअरिंगच्या जागा एका रेषेत कापणं), स्टड इन्सर्ट (स्टडसाठी पोलादी आटे) आणि मोठ्या बॅरलसाठी केस कापण्याची मजुरी धरली की हिशेब नव्या केसच्या आसपासच येतो. नवीच घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कॉम्प्रेशनमध्ये. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन जेवढी जागा व्यापत जातो ती, ५४५ सीसी येतो. ८:१ गुणोत्तर हवं असेल तर वर ५४५ ÷ ७, म्हणजे ७८ सीसी जागा उरली पाहिजे. डेक, म्हणजे पिस्टन वर असताना त्याच्या आणि बॅरलच्या कडेमधलं अंतर, १ मिमी ठेवला तर त्यात ६.६ सीसी जातात, म्हणजे हेडचा चेंबर ७१ सीसीचा हवा. गाडीच्या साध्या हेडचा चेंबर ५० सीसीच्या आसपास असतो. तोच तसाच बसवला तर गुणोत्तर साडेदहाच्या वर जातं. इंजिन सुरू होतं, जमिनीवर झकास चालतं आणि पहिल्या लांब चढाईत डेटोनेशनने, म्हणजे इंधन एकदम भडकून बसणाऱ्या ठोक्याने, पिस्टनला भोक पडतं. म्हणून चारही चेंबर ब्युरेट आणि काचेची चकती घेऊन मोजायचे. जागा वाढवायची ती चेंबर मोठा करून, बॅरलखाली जाड शिम घालून नव्हे. डेक दीड मिमीच्या पुढे गेला की पिस्टन आणि हेडमधला स्क्विश, म्हणजे अरुंद फटीतून मिश्रणाला मिळणारा झोत, संपतो आणि कॉम्प्रेशन कमी असूनही ठोका येतो.

केस जोडताना १२ मिमीच्या नटांना ३४ न्यूटन-मीटर, ८ मिमीच्यांना २० न्यूटन-मीटर. हेडचे स्टड ८ मिमीचे असतील तर २५, जुने १० मिमीचे असतील तर ३२. आकडे उलटे झाले तर मॅग्नेशियमच्या केसमधून स्टड आट्यांसकट उपटून येतो, म्हणून इन्सर्ट नसलेली केस वापरूच नये. क्रँकचा एंड-प्ले, म्हणजे पुढेमागे सरकण्याची मोकळीक, ०.०७ ते ०.१३ मिमीच्या दरम्यान शिम घालून आणायचा.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतल्या मोकळ्या फटीचं, गणित पुशरॉडच्या धातूवर ठरतं. मूळ अॅल्युमिनियमचे पुशरॉड इंजिनासोबत वाढतात, त्यांना गार असताना ०.१५ मिमी गॅप. क्रोममॉली पोलादाचे पुशरॉड तेवढे वाढत नाहीत, इंजिन तापलं की गॅप आपोआप मोठा होतो, म्हणून गार इंजिनावर शून्य गॅप ठेवायचा: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये.

पंखा कुठल्या टोकाला

गाडीत पुली असते त्या टोकाला पंखा लावायची पद्धत आज जास्त रूढ आहे. फ्लायव्हीलच्या बाजूचे चार बोल्ट इंजिन माउंटला धरतात, आणि आल्टरनेटर, स्टार्टर मागे जातात. अडचण अशी की पुलीकडचं चौथ्या क्रमांकाचं बेअरिंग जेमतेम ४० मिमीचं आहे. गाडीत त्याला फक्त पुली सांभाळायची असते, विमानात मात्र पंख्याचा जायरोस्कोपिक ताण त्याच्यावर येतो. जुन्या पद्धतीने एका मध्यवर्ती बोल्टवर आणि वुडरफ चावीवर (खाचेत बसणारा अर्धगोल तुकडा) हब, म्हणजे पंखा बसतो तो भाग, धरला तर चावीच्या खाचेतून क्रँकला भेग जाते. तापवून बसवलेला हब हवा, शक्य असेल तर मोठ्या बेअरिंगसह. हब किटच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला भट्टीत तापवून एका झटक्यात सरकवायचा. तो अर्ध्यावर अडकला तर ठोकत बसू नये, काढून पुन्हा तापवावा.

पुलीच्या टोकाला पंखा लावल्यावर तो कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटल या नेहमीच्या विमान-इंजिनांच्या विरुद्ध. पंखा मागवताना डाव्या फिरकीचाच मागवा. टेकऑफला पायही दुसरा लागतो: नाक उजवीकडे ओढलं जातं, डावा रडर द्यावा लागतो. त्या इंजिनांवर शिकलेल्या वैमानिकाने हे आधी लक्षात घेतलं नाही तर पहिलाच टेकऑफ धावपट्टीच्या कडेला जातो.

पंखा लाकडीच हवा. धातूच्या पात्याचं वजन आणि कंपन हा क्रँक सहन करत नाही. ५४ इंची पंख्याच्या टोकाचा वेग ३४०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २४४ मीटर होतो, हे ठीक आहे. दोन्ही टोकं एकाच प्रतलात ३ मिमीच्या आत फिरायला हवीत. चाकं बांधून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर ३००० आरपीएमही गाठले नाहीत तर पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, कमी करा. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं-आक्रसतं, त्यामुळे पहिल्या रननंतर, दहा तासांनी आणि ऋतू बदलला की पंख्याचे बोल्ट पुन्हा टॉर्क करायचे.

हवा

काऊलमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या झाकणात, पुढून शिरलेली हवा फिन्समधूनच खाली गेली पाहिजे. तिला दुसरी वाट मिळाली की ती तिकडूनच जाते. बॅफल (हवा वळवणारे पत्रे) आणि काऊल यांच्यामधली सिलिकॉन पट्टी दाबाने काऊलला चिकटेल अशा दिशेने वळवायची. पेन्सिलच्या जाडीच्या फटी आरटीव्ही सिलिकॉनने बुजवायच्या. सिलिंडरच्या खालचे डिफ्लेक्टर पत्रे गाडीतून काढलेल्या भंगारात बऱ्याचदा हरवलेले असतात आणि लोक ते सोडून देतात. ते नसले तर बॅरलचा वरचा भाग गार आणि खालचा तापलेला राहतो, बॅरल लंबगोल होतो आणि तेल खायला लागतो.

बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेहून मोठी ठेवा. तापमान वाढलं की लोक पुढची भोकं वाढवतात. त्याने विमानाला हवेचा अडथळा वाढतो, थंडावा नाही. काऊलच्या मागच्या कडेला खाली वळवलेला ओठ लावून पाहणं जास्त शहाणपणाचं. खात्री करायची तर बॅफलच्या वर आणि खाली पातळ नळ्या सोडून कॉकपिटमध्ये पाण्याची यू-नळी लावा आणि प्रत्येक बदलानंतर फरक मोजा.

स्पार्क प्लगखाली थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चारही सिलिंडरना लावायचे, एकाला नव्हे. सतत चालताना हेड २०० अंश सेल्सिअसच्या आत, चढाईतही २३० च्या वर जाऊ देऊ नये. तेल ८० ते १०५ अंश, दाब गरम तेलावर दर १००० आरपीएममागे १० पीएसआय.

इंधन आणि ठिणगी

या विमानांमध्ये इंजिन बंद पडतं ते बहुतेकदा इंधन किंवा इग्निशनमुळे, पिस्टन तुटून क्वचितच. पूर्ण शक्तीला ताशी साधारण २५ लिटर इंधन लागतं. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेत दीडपट, म्हणजे मिनिटाला ६३० मिली वाहिलं पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. हा प्रवाह मोजायची चाचणी, विमानाचं नाक चढाईच्या कोनाहून थोडं जास्त वर करून आणि टाकीत तळाशी थोडंच इंधन ठेवून घ्यायची, आणि नळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी सोडायची. फ्युएल लाइन एक्झॉस्टपासून दूर आणि फायरस्लीव्हमध्ये. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा देणारी सोय, विसरू नका. हवा किमान ५० अंशांनी तापली पाहिजे.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाळावं. ते टाकीचं सीलंट आणि रबरी नळ्या खातं आणि उष्णतेत लवकर वाफ धरतं. भारतातल्या पंपावरचं ई-२० तर यासाठी बादच.

एक मॅग्नेटो आणि एक इलेक्ट्रॉनिक अशी दोन इग्निशन ठेवा. ठिणगीचं टायमिंग बऱ्याच किटमध्ये टीडीसीआधी (पिस्टन अगदी वर पोचण्याआधी) २८ अंशांच्या जवळ असतं. तुमच्या किटचा आकडा पाहून स्ट्रोबने तपासा.

कागदपत्रं आणि पहिले तास

जुन्या विमानाचं इंजिन बदलत असाल तर तीन काट्यांवर वजन पुन्हा घ्या. बॅटरी मागेपुढे सरकवून गुरुत्वमध्य जागेवर आणता येतो, शिशाचा गोळा लावायची वेळ सहसा येत नाही. अमेरिकेत विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये मोठ्या बदलानंतर काय करायचं ते लिहिलेलं असतं: एफएए या विमान वाहतूक नियामकाच्या स्थानिक कार्यालयाला कळवणं, लॉगबुकात नोंद, आणि पुन्हा चाचणी उड्डाणांचा टप्पा. नव्या विमानाला प्रमाणित नसलेलं इंजिन असेल तर हा टप्पा सहसा ४० तासांचा. भारतात डीजीसीए या नियामकाची वाट लांबची आहे. कांदिवलीतल्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणी २०१७ मध्ये आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला.

नव्या पिस्टन रिंग जमिनीवर बसत नाहीत, नुसत्या तापतात. ग्राउंड रन काऊल लावून, नाक वाऱ्याकडे करून आणि छोटे ठेवा. पहिली उड्डाणं सपाट चढाईची, विमानतळाच्या डोक्यावरच. पहिल्या तासानंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच हेडचे नट आणि टॅपेट तपासा. गरम इंजिनावर घेतलेलं टॅपेटचं माप काही कामाचं नाही. पुढे पाच, दहा आणि मग दर पंचवीस तासांनी तेच. दर वेळी लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती पाहणं) घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून फुसफुस ऐकू आली, किंवा एकाच टॅपेटचा गॅप प्रत्येक तपासणीत कमी होताना दिसला, तर व्हॉल्व्हची दांडी ताणली जातेय किंवा त्याची बैठक झिजतेय. ते हेड लगेच उतरवा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.