मीटरचा लाल दिवा मुलांना मोजू द्या

‘वीज वाया घालवू नकोस’ म्हटलं तरी लहान मुलांना ते पटत नाही, कारण वीज दिसत नाही. डिजिटल मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मात्र दिसतो.

१. घरातलं सगळं बंद करा. फ्रिजसुद्धा, नाहीतर तो मध्येच सुरू होऊन मोजणी बिघडवतो.
२. एकच पंखा लावा. दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मुलाला मोजू द्या.
३. पंखा बंद, गिझर सुरू. पुन्हा मोजा.

मीटरवर ३२०० इम्पल्स छापलं असेल, तर ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. ७५ वॅटचा पंखा मिनिटाला चार. २००० वॅटचा गिझर शंभराच्या वर! मोजता मोजता मुलांची दमछाक होते.

मीटरपाशी मोठं माणूस हवंच, आणि हात कशालाही लावायचा नाही.