खुब्याचं अवघड ऑपरेशन झालंय? हाड जुळेपर्यंत या चुका टाळा

खुब्याचा सांधा पहिल्यांदा बदलणं वेगळं आणि बदललेला सांधा पुन्हा बदलणं, म्हणजे रिव्हिजन, वेगळं. पहिल्या ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, आणि दीड-दोन महिन्यांत पुष्कळांची काठीसुद्धा सुटते. रिव्हिजनमध्ये मात्र मांडीच्या हाडात घट्ट बसलेला कृत्रिम सांध्याचा जुना दांडा किंवा तो पक्का करणारं सिमेंट काढायला सर्जनला कित्येकदा मांडीच्या हाडाची बाहेरची पट्टी दारासारखी उघडावी लागते. नवा दांडा बसला की ती पट्टी जागेवर आणून तारांनी किंवा केबलने बांधतात. हाड झिजून पोकळी झाली असेल तर तिथे हाडाचा चुरा ठोकून भरतात. म्हणजे पेशंट घरी येतो तेव्हा त्याच्या मांडीत सर्जनने मुद्दाम केलेलं एक फ्रॅक्चर असतं. ते जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. टाके मात्र दोन आठवड्यांत निघतात, दुखणं महिना-दीड महिन्यात बरंच कमी होतं आणि माणसाला वाटतं, आपण बरे झालो. मी अशा पेशंटकडे घरी जाऊन फिजिओथेरपी देते. मला दिसणाऱ्या बहुतेक चुका याच काळातल्या असतात.

मोबाइलवर व्यायाम शोधणं

ही चूक बघून मला खरोखर त्रास होतो. कारण ती करणारी माणसं आळशी नसतात, उलट मेहनती असतात.

साठीतले एक काका होते. रिव्हिजन उत्तम झालेलं, पाचव्या आठवड्यात दुखणं जवळजवळ नाही. शेजारच्यांचा खुबा आदल्या वर्षी बदललेला. ते महिन्याभरात देवळापर्यंत चालत गेले होते आणि काकांना तीच घाई. मुलाने व्हिडिओ शोधून दिला: चांगल्या कुशीवर झोपायचं आणि ऑपरेशनचा पाय सरळ वर उचलायचा. काका सकाळ-संध्याकाळ मनापासून उचलत राहिले. डिस्चार्ज पेपरवर स्पष्ट लिहिलेलं होतं की पाय बाहेरच्या बाजूला स्वतःच्या ताकदीने न्यायचा नाही. तो कागद औषधांच्या पिशवीत तळाशी होता. एका संध्याकाळी खुब्याच्या बाजूला ‘कट’ असा आवाज झाला. एक्स-रेमध्ये दोन तारा तुटलेल्या आणि हाडाचा वरचा तुकडा जागा सोडून वर ओढला गेलेला. सांधा निखळला नाही, पुन्हा ऑपरेशनही करावं लागलं नाही, पण चालताना कंबर एका बाजूला झुकते ती आजही.

यामागचं कारण समजून घ्या. खुब्याच्या बाहेर हाताला जो हाडाचा उंचवटा लागतो, त्यालाच पाय बाजूला नेणारे आणि चालताना कंबर समतोल ठेवणारे स्नायू चिकटलेले असतात. कापून पुन्हा बांधलेल्या पट्टीत नेमका तोच उंचवटा येतो. तुम्ही पाय बाजूला उचललात की ते स्नायू पट्टीला थेट वर खेचतात. जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये खुब्याचं आधुनिक सांधेरोपण रूढ केलं. ते हा उंचवटा कापूनच आत शिरत आणि शेवटी तारेने बांधत. तारा तुटणं आणि तुकडा न जुळणं ही कटकट तेव्हापासूनची आहे. तार हाडाला फक्त धरून ठेवते, जुळायचं काम हाडानेच करायचं असतं. हाड जुळलं नाही, तर तार आज ना उद्या तुटतेच.

‘मी तर झोपूनच करतो, पायावर भार कुठे देतो?’ असं पुष्कळजण विचारतात. भार फक्त जमिनीवरून येत नाही. बर्लिनमध्ये कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून मोजमापं झाली आहेत. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो आणि अडखळलात तर सात-आठपट. पलंगावर पडून पाय ताठ उचलला तरी स्नायूंच्या ओढीनेच सांध्यावर बराच भार पडतो. म्हणूनच वॉकर घेऊन चालताना पाय हवेत लटकता ठेवू नका. तळवा जमिनीला हलका टेकवून चालण्यात स्नायू कमी ओढतात.

आणि सर्जन द्यायला सांगतात तो ‘थोडा भार’ म्हणजे किती, याचा अंदाज कोणालाच येत नाही. माझी पद्धत साधी आहे. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवते आणि दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी सरकवते. वॉकर धरून पेशंटला ऑपरेशनचा पाय काट्यावर टेकवायला सांगते. सर्जनने १० किलो सांगितलेले असताना काटा तिशीवर गेला की पेशंट स्वतःच चमकतो. दर आठवड्याला हे पुन्हा करायचं, कारण दुखणं कमी होतं तसा पाय नकळत जड पडायला लागतो.

सिमेंट न लावता बसवलेल्या दांड्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. त्याच्या खरबरीत पृष्ठभागात हाड वाढून शिरायचं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत दांडा हाडात मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा जरी वारंवार हलत राहिला, तरी तिथे हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि दांडा सैल राहतो.

‘तंबाखू खात नाही’

दवाखान्यात विचारतात, ‘तंबाखू, सिगारेट?’ आजी म्हणतात, ‘न्हाय बाई, म्या कधी तोंडात धरली न्हाय.’ फाइलवर ‘नाही’ लिहिलं जातं. खोटं त्या बोलत नसतात. मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नाहीच, ते दात घासायचं साधन आहे.

एका आजींचा तीन महिन्यांचा एक्स-रे जवळपास पहिल्यासारखाच होता, कापलेली रेघ तशीच ठळक. साखर ताब्यात, जेवण बरं, चालणंही शिस्तीत. कारण सापडत नव्हतं. एकदा मी सकाळी लवकर गेले तर सून तव्यावर तंबाखू भाजत होती आणि घरभर तो उग्र वास. आजींची पत्र्याची डबी उशाशी होती. दिवसातून तीन-चारदा बोट दातांवरून फिरायचं आणि ते नुसतं घासणं नव्हे, अर्धा-अर्धा तास. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात. भरलेला हाडाचा चुरा निर्जीव असतो. त्यात तुमच्याच शरीरातल्या रक्तवाहिन्या शिरल्या तरच तो हळूहळू जिवंत हाडात बदलतो. मिश्री बंद झाली आणि पुढच्या एक्स-रेत ती रेघ बरीच पुसट दिसली. फक्त मिश्रीमुळेच अडलं होतं असा दावा मी करणार नाही, पण त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न बदलला: ‘सकाळी दात कशाने घासता?’ घरच्यांनीही हाच विचारावा. गुटखा, मावा, विडी, तपकीर यांनाही हेच लागू.

बाकीच्या चुका

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेऊन उलट्या, प्रचंड तहान आणि बरळणं यांसाठी ॲडमिट झालेले लोक आहेत. चिठ्ठीवरचा ‘आठवड्यातून एकदा’ हा शब्द पेनाने गोल करून ठेवा.

मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून आठवडेच्या आठवडे खाऊ नका. अशा गोळ्या हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात, शिवाय किडनी आणि पोटाचं वेगळंच.

मालिश नाही. हाडवैद्याकडून तर अजिबात नाही. पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्यात रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती चोळून फुफ्फुसाकडे गेली तर जीव जातो.

पायासूप प्यायलं म्हणजे हाडाची सोय झाली असं समजू नका. पातळ वरणातही प्रोटीन नावालाच असतं. अंडी, दूध, पनीर, मोड आलेली कडधान्यं, मासे, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं.

काठी दुखऱ्या बाजूला नाही, चांगल्या बाजूच्या हातात धरायची.

खाली बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं, सखल सोफ्यात रुतणं बंद. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणा, नंतर धावपळ करू नका.

जखमेतून पाणी झिरपत असेल तर घरातली उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका. अर्धवट डोसामुळे तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि आतला संसर्ग मात्र मुरतो. थेट ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा.

‘दुखत नाही, मग एक्स-रे कशाला?’

दांडा हाडात काही मिलिमीटर खाली रुतला तरी सुरुवातीला दुखेलच असं नाही. ते कळतं आधीचा एक्स-रे शेजारी धरल्यावरच. म्हणून साधारण दीड महिना, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष या तारखा चुकवू नका, आणि सगळ्या फिल्म एकाच मोठ्या पाकिटात, पाठीमागे तारीख घालून ठेवा. व्हॉट्सॲपवर काढलेला वाकडा फोटो तुलनेला चालत नाही. खुर्चीतून उठून पहिली पावलं टाकताना मांडीच्या मध्यावर दुखायला लागलं, पाय आखूड वाटला, किंवा काल पडणारा भार आज पडेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला फोन करा आणि तोवर वॉकर सोडू नका.