पायथॉनचा फॉर लूप: सी शिकून आलेल्यांसाठी

डिप्लोमाला किंवा बीसीएला आधी सी शिकून आलेल्यांचा पायथॉन कोड लांबूनही ओळखू येतो. आमच्याकडे नव्या मुलांचा कोड तपासायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हे रोजचंच. फॉर आय इन रेंज, कंसात लेन (म्हणजे लांबी), त्याच्या कंसात यादीचं नाव, आणि मग खालच्या प्रत्येक ओळीत ती यादी आणि चौकटी कंसात आय. चालतं सगळं, उत्तरही बरोबर येतं. पण तो पायथॉनचा झगा घातलेला सी असतो.

सीचा फॉर मोजतो: कुठून सुरू, कुठवर, कितीने पुढे. पायथॉनचा फॉर समोर ठेवलेल्यातलं एकेक उचलून तुमच्या हातात देतो. यादी दिली तर एकेक घटक, स्ट्रिंग दिली तर एकेक अक्षर (यात मेख आहे, पुढे येतेच), उघडलेली फाइल दिली तर एकेक ओळ, डिक्शनरी (की आणि तिची किंमत अशा जोड्यांचा साठा) दिली तर नुसत्या कीज. म्हणून 'फॉर नाव इन नावे' एवढं पुरतं. रेंज हीसुद्धा अशीच समोर ठेवायची एक वस्तू, आकड्यांची. पायथॉन ३ मध्ये ती सगळे आकडे आधीच तयार करून ठेवत नाही, लागेल तसा एकेक देते. एक कोटीची रेंज दिलीत तरी मेमरी भरत नाही ती त्यामुळेच.

रेंज शेवटचा आकडा धरत नाही, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि तरी २ चा पाढा १८ वर थांबतो. १ ते १० हवं तर १ आणि ११ द्यायचं. विचित्र वाटतं, पण ० ते ५ आणि मग ५ ते १० असे तुकडे पाडले की कुठलाच आकडा दोनदा येत नाही, ही सोय मोठी आहे.

क्रमांक खरंच हवा असेल तर एन्युमरेट वापरा, तो घटकासोबत त्याचा क्रमांकही देतो, त्याला स्टार्ट १ देता येतो. दोन याद्या जोडीने फिरवायच्या तर झिप. फक्त लक्षात असू द्या, छोटी यादी संपली की झिप मुकाट्याने थांबतो. मोठीतलं उरलेलं गेलं कुठे, हे शोधण्यात दुपार जाते. पायथॉन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट ट्रू देता येतं, मग लांबी जुळली नाही तर तो एरर देतो.

आता मुलाखतीत हमखास विचारलं जाणारं. यादीत ४०, ०, ०, ७५ असे गुण आहेत आणि लूप फिरवता फिरवता शून्यं रिमूव्ह करायची आहेत. कागद घ्या. लूप आतल्या आत जागा लक्षात ठेवतो. जागा ० वर ४०, सोडून दिलं. जागा १ वर ०, काढलं. यादी झाली ४०, ०, ७५, म्हणजे दुसरं शून्य सरकून जागा १ वर आलं. लूप मात्र जागा २ कडे निघालाय. तिथे ७५. संपलं. एक शून्य तसंच राहिलं आणि एरर नाही की काही नाही. डिक्शनरीतून अशी की काढलीत तर निदान रनटाइम एरर येतो. यादी बोलत नाही, हाच तिचा धोका. त्यापेक्षा हवे तेवढे गुण नव्या यादीत घ्या. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने, म्हणजे चौकटी कंसातच फॉर लिहून नवी यादी बनवण्याच्या पद्धतीने, ते एका ओळीत होतं.

आता मघाची मेख. 'मराठी' या शब्दावर लूप फिरवून प्रत्येक वेळी प्रिंट करा. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, लूप पाच वेळा फिरतो: म, र, काना, ठ, वेलांटी. पायथॉन युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) सुटे तुकडे देतो, आणि काना, वेलांटी हे वेगळे तुकडे असतात. मराठी नावांची यादी हाताळणाऱ्याला हे माहीत नसेल, तर 'पहिली दोन अक्षरं घे' म्हटल्यावर 'सीमा'चं 'सी' होतं. पूर्ण अक्षरं हवी असतील तर रेजेक्स नावाची वेगळी लायब्ररी इन्स्टॉल करून तिचा बॅकस्लॅश एक्स हा पॅटर्न वापरा. पायथॉनसोबत येणाऱ्या आरई मॉड्यूलमध्ये तो नाही. एक दिलासाही आहे: कोडमध्ये आकडे इंग्रजीच लिहावे लागतात, पण फॉर्ममधून स्ट्रिंग म्हणून आलेल्या '४०'ला इंट (पूर्णांकात बदलणारं फंक्शन) लावलं की सरळ चाळीस मिळतात.

सरावाला 'चिमा काय कामाची' घ्या. उलटसुलट सारखंच वाचता येतं की नाही, हे तपासणारा लूप लिहा. आधी स्पेस काढा, मग अक्षरं नीट सुटी करा. तरीही उत्तर फॉल्सच येईल, कारण सुरुवातीला चि ऱ्हस्व आहे आणि शेवटी ची दीर्घ. आपण ते चालवून घेतो, पायथॉन घेत नाही. त्याला चालवून घ्यायला कसं लावायचं ते तुम्ही बघा.