डर्ट बाइकला दुसरं इंजिन बसवलं की चेसी का तडकते? या चुका टाळा

आमच्या गॅरेजात तडकलेली चेसी घेऊन येणारा जवळपास प्रत्येक पोट्टा एकच सांगतो, "भाऊ, नाल्यावरून उडी मारली अन् तुटली." त्या दिवशी तुटली हे खरं. पण तुटलेल्या पाइपचं तोंड पुसून नीट पाहा. त्याचा काही भाग काळपट आणि गंजलेला दिसतो, उरलेला ताजा, चमकणारा आणि खरबरीत. काळपट भाग म्हणजे जुना तडा. त्यात कितीतरी दिवसांपासून पाणी आणि चिखल शिरत होता. उडीनं फक्त उरलेला तुकडा तोडला.

आपल्या गावांकडे डर्ट बाइक म्हणजे बहुतेक वेळा जुन्या गाडीची चेसी आणि दुसऱ्याच गाडीचं इंजिन. २०११ साली आलेल्या हिरो इंपल्सच्या चेसीत करिझ्माचं २२३ सीसी इंजिन ही सगळ्यांच्या ओळखीची जोडी आहे; इंपल्सचं मूळ इंजिन १५० सीसीचं. मग ती गाडी धुऱ्यांवरून, पांदणीतून, मुरमाड टेकड्यांवरून पळते. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून स्पष्ट लिहितो. तडा बहुतेक वेळा इंजिन बसवलं त्याच दिवशी पेरला जातो.

इंजिन ६००० आरपीएमवर फिरतं तेव्हा सेकंदाला १०० फेरे होतात, तासाला ३ लाख ६० हजार. प्रत्येक फेऱ्याला चेसीला एक बारीक हिसका बसतो. लोखंड एका मोठ्या दणक्याला तोंड देईल, पण एकाच जागी लाखो वेळा बसणाऱ्या बारीक हिसक्यानं ते थकतं. ते थकण्याची जागा आपणच तयार करून देतो.

बोल्ट ठोकून घालणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका १५० सीसी गाडीत मोठं इंजिन बसवत होतो. समोरचे बोल्ट लागले, मागचं भोक मात्र तीनेक मिलिमीटरनं सरकलेलं. टॉमी लावून इंजिन उचललं, बोल्टावर हातोडा मारला, बोल्ट गेला. नट आवळले, गाडी चालू झाली, पोरगं खूश होऊन गेलं. पावसाळा संपता संपता गाडी परत आली. समोरच्या उभ्या पाइपला, इंजिन धरणाऱ्या खालच्या ब्रॅकेटच्या अगदी वरच्या टोकाला, अर्धा पाइप चिरलेला. मी मागचा बोल्ट काढला आणि ब्रॅकेट कट् आवाज करून जागेवरून सरकलं. इतके महिने तो पाइप वाकवलेल्या अवस्थेत ताणून बसला होता, आणि त्या ताणावर इंजिनाचे हिसके बसत होते.

आता माझ्याकडे एकच कसोटी आहे. सगळे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन चेसीला बांधणारे बोल्ट, बोटांनी आत गेले पाहिजेत आणि बोटांनीच बाहेर आले पाहिजेत. एक जरी अडला, तर नट आवळायचा नाही. आधी ब्रॅकेट सुधारायचं.

यासाठी मोडीतलं रिकामं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं खोकं, मिळवा. आत काही नको, फक्त बोल्टांची भोकं शाबूत हवीत. दोन्ही चाकं आणि मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) गाडीला बसवा, चेनची लाइन दोऱ्यानं पाहा, मगच केस जागेवर धरून ब्रॅकेटना टाके मारा. पुरं वेल्डिंग करतानाही केस बोल्ट लावून आतच ठेवा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ब्रॅकेट ओढून नेतो, म्हणून एका बाजूनं सलग न ओढता इकडे थोडं, तिकडे थोडं असं भरा. सगळं थंड झालं की बोल्ट काढून पुन्हा घाला. बोटांची कसोटी खरी इथे लागते.

ब्रॅकेट आणि इंजिनाच्या कानात (बोल्टाचं भोक असलेल्या उंचवट्यात) फट उरली तर ती नट आवळून मिटवू नका, त्या मापाचे वायसर भरा. आवळायचा क्रमही असतो. सगळे नट आधी सैल लावायचे, मग खालचे मोठे बोल्ट आवळायचे, हेडवरचा, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरचा, सगळ्यात शेवटी.

"पट्टी जाड टाका, मंग कायले तुटते?"

हा प्रश्न मला गिऱ्हाईकही विचारतं आणि वेल्डरही. नांगराला, ट्रॉलीला जाड पट्टी मारून काम भागतं, म्हणून इथेही तेच वाटतं. पण चेसीचा पाइप साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर ८ मिलिमीटरची पट्टी जोडली की पट्टीपुरता भाग दगडासारखा घट्ट होतो. पाइप थोडाफार वाकणारच, ते सगळं वाकणं पट्टी जिथे संपते त्या एका रेषेवर गोळा होतं. तडा नेमका तिथेच पडतो, पट्टीच्या एक-दोन मिलिमीटर पुढे. मग लोक तिथे आणखी एक पट्टी मारतात आणि तडा पुढे सरकतो.

त्याऐवजी ३ मिलिमीटरचा पत्रा घ्या आणि दुमडून यू आकार करा. सपाट जाड पट्टीपेक्षा तो बाजूच्या वाकण्याला चांगला टिकतो आणि वजनही कमी ठेवतो. पाइपला लागणारं टोक सरळ चौकोनी कापू नका. टोकाला निमुळतं करा, म्हणजे घट्टपणा हळूहळू कमी होत जाईल. कोपरे गोल घासा. सगळ्यात महत्त्वाचं, वेल्ड पाइपच्या लांबीच्या दिशेनं जाऊ द्या. पाइपला आडवी, बांगडीसारखी वेल्डची रेघ ओढणं म्हणजे कापायची खूण करून ठेवणं. तिकोनी पट्टीच्या अगदी टोकाला वेल्ड गुंडाळू नका, थोडं आधीच थांबा.

पाइप कापून लांब करायची वेळ आलीच तर समोरासमोर टेकवून जोडू नका. आत घट्ट बसणारा दुसरा पाइप घाला, बाहेरचा काप तिरपा ठेवा, बाहेरच्या पाइपला दोन-चार भोकं पाडून त्यातूनही आतला पाइप पकडून घ्या.

इंजिन हा चेसीचाच भाग असतो, हे विसरणं

जुन्या बुलेटमध्ये समोरचा पाइप इंजिनाच्या पुढे येऊन थांबतो, इंजिनाखालून जाणारा पाइपांचा पाळणा नाही. तिथे इंजिन स्वतः चेसीचा तुकडा म्हणून काम करतं. एक्सपल्स २०० च्या डायमंड चेसीतही तसंच. अशा चेसीत दुसरं इंजिन बसवताना एखादा माउंट (इंजिन चेसीला बांधायची जागा) जुळत नाही म्हणून सोडून दिला, तर तुम्ही चेसीचा एक पाइपच काढून टाकला असं समजा.

दोन जागा लोक नेहमी सोडतात. पहिली हेडवरचा माउंट. तो लहान दिसतो, पण इंजिनाचं पुढे-मागे डोलणं तोच धरतो. तो नसला की सगळं डोलणं खालच्या ब्रॅकेटवर येतं. दुसरी जागा चिमट्याच्या बोल्टाची. बऱ्याच डर्ट बाइकमध्ये हा बोल्ट इंजिनाच्या मागच्या कानातून आरपार जातो आणि दोन्ही बाजूच्या प्लेटा इंजिनाला बांधल्या जातात. नव्या इंजिनाला तो कान नसेल तर प्लेटा मोकळ्या पडतात आणि प्रत्येक खड्ड्यात फाकतात. लेथवर अचूक लांबीचा बुश करून मध्ये भरा, आणि प्लेटांच्या खालून एक आडवा पाइप जोडा.

ताकद किती असते याचा हिशोब करू. १८ न्यूटन-मीटर टॉर्कचं इंजिन घ्या. प्रायमरी (क्रँक ते क्लचची गिअरजोडी) आणि पहिला गिअर मिळून तो आठपट होतो असं धरा, म्हणजे पुढच्या स्पॉकेटवर १४४. हा स्पॉकेट चौदा दातांचा धरा. ४२८ च्या चेनला त्याची त्रिज्या साधारण २८ मिलिमीटर. चेनची ओढ निघते सुमारे ५००० न्यूटन, म्हणजे ५०० किलोच्या आसपास. पाच क्विंटल कापसाचं ओझं इंजिनाला मागे आणि चेनच्या बाजूला ओढतंय, तेही एकाच बाजूनं. चेनची लाइन चुकलेली असेल तर हीच ओढ चेसीला पिळतेही.

वेल्डिंग

चेसीच्या दीड मिलिमीटरच्या पाइपचं काम ट्रॉलीवाल्या रॉडनं करू नका. शक्य असेल तर तालुक्याला जाऊन सीओटू किंवा आर्गन वेल्डिंग करून घ्या. गावातच करायचं असेल तर वेळ निवडा. हंगामात विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडतं, आर्क नीट लागत नाही आणि वेल्ड वरवर चिकटतो. दिसायला छान, आत पकड नाही. पावसाळ्यात ओल धरलेला रॉडही वापरू नका.

पाइपवरचा रंग, गंज, ऑइल पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा. वेल्डच्या काठाला खाच पडली असेल तर ती भरून, घासून गुळगुळीत करा, कारण तडा त्या खाचेतूनच निघतो. आणि कृपा करून गरम वेल्डवर पाणी मारू नका. लवकर मोकळं व्हायचं म्हणून आपल्याकडे सर्रास मारतात. लोखंड अचानक थंड झालं की जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा) पाइप असेल तर फारच. बॅटरी आणि सीडीआय (स्पार्कचा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून ठेवा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ लावा. चाकाला किंवा हँडलला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात.

इंजिनाचा कोनही मूळ गाडीत होता तोच ठेवायचा प्रयत्न करा. सिंगल सिलिंडरचं कंपन पूर्ण जात नाही. कारखाना क्रँकचा तोल त्या चेसीला आणि त्या कोनाला सोसेल असा ठेवतो. कोन बदलला की कंपनाची दिशा बदलते. बोल्ट ८.८ किंवा १०.९ या मजबुतीच्या खुणेचेच घ्या, साध्या दुकानातला खूण नसलेला बोल्ट नको. ८.८ चा ८ मिलिमीटरचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरनं आवळा, १० मिलिमीटरचा ४५ ते ५० नं. पहिल्या तासाच्या चालवण्यानंतर सगळे परत तपासा.

कागदांचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. ही गाडी वावरातच ठेवा. चेसी नंबरच्या जागेला ग्राइंडर तर लावूच नका.

तडा शोधणं

आपली काळी माती चेसीला अशी लिंपते की तडा महिनोन् महिने दिसत नाही. दर वेळी धुवा आणि सांध्यांवर बोट फिरवा. रंगावर केसासारखी रेघ, रेघेतून उतरलेला तांबूस ओघळ, बोल्टाभोवती लाल पूड, पायाला अचानक नवीन कंपन जाणवणं, कारण नसताना चेन सैल पडणं, या सगळ्या खुणा आहेत. म्हणून सांध्यांवर जाड पुट्टी किंवा पावडर कोटिंग नको, फिक्या रंगाचा पातळ हात द्या.

शंका आली तर जागा रंग काढून साफ करा, रॉकेल लावा, पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उमटतं. नेमकेपणा हवा असेल तर लाल रंगाचे डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात, पद्धत तीच.

तडा सापडला की त्याच्यावर सरळ वेल्ड मारू नका. त्याचं टोक शोधा, टोकाच्या थोडं पुढे ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो पुढे धावणार नाही. मग तडा व्ही आकारात खोल घासा आणि भरा. पण या सगळ्याच्या आधी तो का पडला ते शोधा. बोल्ट बोटांनी जातात का, ते पुन्हा पाहा.

हँडलचा पाइप जिथे चेसीला जोडलेला असतो, तिथे तडा असेल तर मी दुरुस्ती करत नाही. कितीही विनंती केली तरी नाही. तो जोड सुटला की पुढचं चाक गाडीपासून वेगळं होतं, आणि वर बसलेल्या पोराला सावरायला वेळच मिळत नाही. ती चेसी मी गिऱ्हाईकासमोर कटरनं दोन तुकडे करूनच परत देतो.