टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रिबिल्ड करताना

१९६९ पासून शेवेल, कॅमेरो या गाड्यांमध्ये जनरल मोटर्सचा जो तीन स्पीडचा टर्बो हायड्रामॅटिक ३५० यायला लागला ना, तो घरच्या गॅरेजमध्ये उघडायला मस्त ऑटोमॅटिक आहे. आधी बाहेरून धुवा, मग खालचं तेलाचं ताट (पॅन) काढून तळाशी काय साचलंय बघा, थोडा करडा गाळ चालतो पण धातूचे कण दिसले तर जुना कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) परत लावूच नका. व्हॉल्व्ह बॉडी (तेल कुठे जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा) उतरवताना केसमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचातल्या, चार छोट्या चेक-बॉल गोळ्या कुठे बसल्यात त्याचा फोटो काढा. क्लचच्या नव्या फ्रिक्शन प्लेट्स (घर्षणाच्या चकत्या) अर्धा तास तरी एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात, भिजवायच्या, सीलला व्हॅसलीन लावा, साधं ग्रीस नको, त्याने तेलाचे बारीक रस्ते तुंबतात. क्लच पॅक (या चकत्यांचा गठ्ठा) बसला की त्याच्या तेलाच्या भोकातून हवा मारून बघा, ठप्प असा आवाज यायला हवा, नुसतंच फुस्स होत असेल तर सील दुमडलंय, परत उघडा, कंटाळा करू नका.

सगळ्यात जपायचं ते कन्व्हर्टरला. फिरवत फिरवत आत ढकला, गिअरबॉक्सच्या तेलाच्या पंपात पूर्ण बसेपर्यंत. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं तोंड) इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनच्या मागची पातळ चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने लागतो) साधारण ३ ते ५ मिमी फट राहिली पाहिजे, फट नसेल तर बोल्ट आवळून जमवू नका, पंप फुटतो.